‘तू मोठी आहेस ना?’

दोन महिन्यांपूर्वी या सदरात एका वाचकाने आपल्या थोरल्या भावाच्या एकाकीपणाविषयी प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर छापून आल्यानंतर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांतली बहुतेक थोरल्यांनीच लिहिलेली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. ओळख पटू नये म्हणून पत्रांतले काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे वय ४८. माहेर वाळवा तालुक्यातले, सासर सांगलीतले. आम्ही चार भावंडे. मी थोरली, माझ्या पाठीवर दोन बहिणी आणि शेवटी भाऊ. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते आणि आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जात असे. मी चौथीत असताना भावाचा जन्म झाला. आई कामावर गेली की त्याला कडेवर घेऊन मी शाळेत जात असे आणि गुरुजी त्याला माझ्याशेजारी बसू देत. पुढे बहिणींची लग्ने, भावाचा डिप्लोमाचा प्रवेश, वडिलांचे आजारपण हे सारे माझ्याच हातून झाले. गेल्या महिन्यात आई घरात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि तिला मिरजेला दवाखान्यात ठेवावे लागले. अकरा रात्री मी तिच्या उशाशी होते. एके संध्याकाळी भावाने चुकीचे औषध आणले म्हणून मी त्याला सर्वांदेखत बोलले. तेव्हा तो म्हणाला, “अक्का, तू आम्हाला कधी काही करूच दिलं नाहीस.” त्या वाक्याने माझी झोप उडाली आहे. ज्यांच्यासाठी एवढे केले त्यांना मी जाचक वाटते का? माझा स्वभावच असा आहे का, आणि या वयात तो बदलेल का? (एक थोरली, सांगली)

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष मिरजेच्या दवाखान्यापेक्षा त्या चौथीतल्या मुलीकडे अधिक गेले. नऊ वर्षांची मुलगी एका खांद्याला दप्तर अडकवून आणि कडेवर भाऊ घेऊन शाळेच्या वाटेने चालते, तेव्हा तिच्या मनात एकच धास्ती असते की हा पडता कामा नये. पडला तर त्याला लागेल, आणि त्याहून अधिक म्हणजे घरी गेल्यावर ‘तू मोठी आहेस ना, मग तुझं लक्ष कुठं होतं?’ असे आपल्याला विचारले जाईल. धाकट्याच्या चुकीचा जाब थोरल्याने द्यायचा, हा आपल्याकडच्या कित्येक घरांतला रिवाज आहे आणि तो लहानपणीच अंगात इतका मुरतो की धाकटा भाऊ चाळिशीला टेकला तरी त्याच्या हातून काही सांडले की बोलणी आपल्यालाच बसणार, असे आतून वाटत राहते. त्या संध्याकाळी आपण भावावर रागावलो असे तुम्हाला वाटते. मला मात्र तुमच्या पत्रात राग कमी आणि भीती जास्त दिसली.

कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या साल्वादोर मिनुशिन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत गरीब आणि खटल्याच्या कुटुंबांबरोबर काम करताना ‘पालक झालेले मूल’ या अवस्थेविषयी लिहिले. घरात खाणारी तोंडे जास्त आणि राबणारे हात कमी असतील तर थोरल्या मुलाने काही भार उचलावा, यात त्यांना वावगे वाटत नव्हते. अशी मुले जबाबदार आणि कर्तबगार होतात हेही त्यांनी नोंदवले आहे. मात्र काम कोणते, ते कोठपर्यंत करायचे आणि कोणाच्या वतीने करायचे, हे मोठ्यांनी मुलाला स्पष्ट सांगितलेले असावे आणि शेवटचा शब्द मोठ्यांचाच राहावा, अशी त्यांची अट होती. तुमच्या आईने तुमच्याकडे काम सोपवले, आणि दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकून खुरपे चालवणाऱ्या बाईपुढे दुसरा मार्गही नव्हता. पण ते काम संपल्याचे तुम्हाला कोणीच कधी सांगितले नाही. भाऊ स्वतःच्या पायांनी शाळेत जाऊ लागला तेव्हा सांगितले नाही, तो नोकरीला लागला तेव्हा सांगितले नाही आणि त्याचे लग्न झाले तेव्हाही नाही. चाळीस वर्षे तुम्ही त्याला कडेवरच घेऊन उभ्या आहात.

येथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. मी तिघी बहिणींतली धाकटी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली, त्या पुरात आमच्या गल्लीतही पाणी शिरले. माझ्या थोरल्या बहिणीने रात्री दोन वाजता सर्वांना उठवले, माणसे मोजली आणि एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, घराची कागदपत्रे, वडिलांच्या गोळ्या आणि माझ्या मुलीची दहावीची मार्कशीट असे सारे आठवणीने भरले. तिसऱ्या दिवशी निवारा केंद्रात तिलाच भोवळ आली, तेव्हा कळले की तिच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या फ्रीजवरच राहिल्या आहेत. डॉक्टरांनी आम्हा दोघींना गोळीचे नाव विचारले आणि आम्हाला ते सांगता आले नाही. तिने कधी सांगितले नव्हते आणि आम्ही कधी विचारले नव्हते. त्या प्रसंगाची लाज मला आजही वाटते, आणि म्हणूनच तुमच्या भावाचे वाक्य मी जरा निराळ्या कानांनी ऐकते. त्यात कृतघ्नपणा असेल असे मला वाटत नाही. ज्या बहिणीने आपल्याला वाढवले तिच्यासाठी आणि आईसाठी काही करण्याची आपल्याला जागाच उरली नाही, हे धाकट्याचे दुखणे आहे, आणि ते खरे असते.

तुमच्या हातात काय आहे, ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे सर्वांदेखत बोललात, तेव्हा सर्वांदेखतच भावाला सांगा की ते बोलणे चुकले. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. खुब्याच्या हाडाचे दुखणे लांबते. महिनोन्‌महिने व्यायाम, वॉकर, तपासणीच्या तारखा आणि गोळ्या हे चालू राहील. त्यातले एक काम संपूर्ण भावाकडे द्या. औषधांची फाइल त्याच्या हातात ठेवा आणि पुढच्या तपासणीला आईला तोच घेऊन जाऊ दे. काम देताना अर्धे देऊ नका. ‘औषध आण, पण आणल्यावर मला पाकिटाचा फोटो पाठव’ असे सांगितले की काम तुमच्याकडेच राहते आणि त्याच्याकडे फक्त हेलपाटा जातो. गोळ्यांत चूक होऊ नये ही तुमची काळजी रास्त आहे. त्यासाठी मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून स्वच्छ अक्षरात लिहून घ्या आणि तो कागद आईच्या खाटेजवळ भिंतीला लावा. बाकी कोणत्या दिवशी न्यायचे, कोणत्या गाडीने, रांगेत कोणी उभे राहायचे, यांत तो चुकला तर चुकू द्या. बहिणी लांब असल्या तरी व्यायामासाठी येणाऱ्या माणसाचा खर्च त्या वाटून घेऊ शकतात. आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये झालेला कायदा सर्व सज्ञान मुलग्यांवर आणि मुलींवर जबाबदारी टाकतो. त्यात थोरला आणि धाकटा असा भेद नाही. भावंडांना धाक घालण्यासाठी हे सांगत नाही. तुमच्या मनाने जो भार तुमच्या एकटीच्या नावावर चढवला आहे तो कायद्यानेही तुमच्या एकटीचा मानलेला नाही, एवढे तुमच्या ध्यानात यावे.

स्वभाव बदलेल का, असे विचारलेत. सवय बदलते, पण तिचा पहिला महिना फार वाईट जातो. रात्री आठ वाजले की फोनकडे हात जाईल, हात रिकामे वाटतील आणि आपले कोणाला काही पडले नाही असेही वाटेल. त्या दिवसांत आईकडे जा, पण कामासाठी जाऊ नका. तिची वेणी घाला, तिच्याजवळ बसून चहा प्या. नऊ वर्षांची असल्यापासून तुम्ही आईच्या मदतनीस आहात. तिची मुलगी म्हणून तिच्याजवळ नुसते बसणे तुमच्या वाट्याला फारसे आलेले नाही.

प्रश्न : मी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी बहीण माझ्यापेक्षा साडेतीन वर्षांनी मोठी, हुशार आणि नेटकी आहे. घरात आणि नातेवाइकांत ‘पहिल्या मुलात सगळं उतरतं’ असे नेहमी म्हटले जाते आणि मला ‘ताईसारखी हो’ असे सांगितले जाते. थोरली मुले खरोखर अधिक हुशार आणि जबाबदार असतात, असे संशोधन आहे का? (दुसरी मुलगी)

उत्तर : संशोधन भरपूर आहे आणि ते तुझ्या नातेवाइकांच्या बाजूने फारसे बोलत नाही. १८७४ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधल्या नामवंत शास्त्रज्ञांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांत थोरल्या मुलग्यांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. पण त्या काळी तेथील जमीनदार घरांत मालमत्ता थोरल्याकडे जाण्याची रीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे फार नवल वाटत नाही. पुढे व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर यांनी जन्मक्रमावरून स्वभाव घडतो हा विचार मांडला आणि तो जगभर लोकप्रिय झाला. त्याची मोठ्या प्रमाणावर पडताळणी मात्र अलीकडची आहे. २०१५ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील २० हजारांहून अधिक माणसे होती आणि दुसऱ्यात अमेरिकेतील सुमारे ३ लाख ७७ हजार शाळकरी मुले. मनमिळाऊपणा, नेटकेपणा, भावनिक स्थैर्य अशा गुणांवर जन्मक्रमाचा परिणाम पहिल्या अभ्यासात जवळजवळ आढळलाच नाही आणि दुसऱ्यात आढळला तो नगण्य म्हणावा इतका होता.

बुद्ध्यांकात मात्र थोडा फरक दिसतो. नॉर्वेत सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे २ लाख ४० हजार तरुणांच्या नोंदी २००७ मध्ये अभ्यासल्या गेल्या, तेव्हा थोरल्यांचे गुण दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांपेक्षा सरासरी दोन-तीनने जास्त निघाले. एवढ्या फरकावरून एका घरातल्या दोन मुलींविषयी काहीच सांगता येत नाही. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला कितीतरी मोलाची वाटते : ज्यांचे थोरले भावंड लहानपणीच वारले होते आणि जे पुढे घरात थोरले म्हणून वाढले, त्यांचे गुण थोरल्यांच्या बरोबरीचे होते. म्हणजे ‘पहिल्या मुलात उतरते’ असे काही नसून घरात थोरल्याला जी जागा मिळते तिचा तो परिणाम असावा. आई-वडिलांचा सुरुवातीचा अविभक्त वेळ आणि पुढे धाकट्याला शिकवण्याची सवय, ही त्याची कारणे संशोधक सांगतात. आपल्या देशात तर ही जागा शरीरावरही उमटते. भारतीय मुलांची उंची आफ्रिकेतील गरीब देशांतल्या मुलांहूनही कमी का, याचा शोध सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या अपत्यात ही तूट दिसत नाही, ती दुसऱ्यापासून सुरू होऊन पुढे वाढत जाते आणि थोरल्या मुलग्याला मिळणारे झुकते माप हे त्याचे एक मोठे कारण आहे, असे त्यांना आढळले.

एक साधी गोष्ट आईला विचारून बघ. ताई वीस वर्षांची असताना कशी होती? आज ती तेवीस-चोवीस वर्षांची आहे आणि तुलना आजच्या ताईशी आजच्या तुझी होते. घरात थोरले मूल केव्हाही पाहिले तरी वयाने पुढेच असते, त्यामुळे ते अधिक समंजस भासते. लोकांच्या मनातला हा समज बराचसा एवढ्यावरच उभा आहे.

प्रश्न : मी कराड तालुक्यातला, ३६ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. गावी साडेतीन एकर ऊस, आई-वडील आणि धाकटा भाऊ व त्याची बायको. शेत तोच बघतो, वडिलांना दवाखान्यात तोच नेतो. पण मी थोरला म्हणून सोसायटीचे कर्ज, बोअर मारणे, भावकीतला वाद अशा प्रत्येक गोष्टीला वडील ‘दादा आला की बघू’ असे म्हणतात. मी पैसे पाठवतो, तरी गाव सोडल्याची टोचणी मनात आहे. अलीकडे भाऊ माझ्याशी तुटक बोलतो. आम्हाला एक बहीणही आहे, तिचे लग्न झाले आहे. मी परत गावी जावे का? (एक थोरला, पुणे)

उत्तर : परत जाण्याचा निर्णय टोचणीपोटी घेऊ नका. तुमच्या भावाला तुमची गावात उणीव भासते आहे असे पत्रावरून दिसत नाही. बांधावर तो, रात्री-अपरात्री मोटर चालू करायला तो, आणि ‘बोअर कोठे मारायची’ हे ठरवायला मात्र पुण्याहून दादा यायचा, हे त्याला जिव्हारी लागणारच.

सज्जनगड तुम्ही लहानपणापासून पाहिला असेल. समर्थ रामदासांनी जांबेचे घर सोडले, तेव्हा आईजवळ राहून संसार सांभाळला तो त्यांच्या थोरल्या बंधूंनी, गंगाधरपंतांनी, आणि समर्थ संप्रदायात त्यांना आजही ‘श्रेष्ठ’ याच नावाने ओळखले जाते. वयाचा मान त्या नावात आहेच, पण घर सांभाळणाऱ्याची थोरवीही मला त्यात ऐकू येते. तुमच्या घरात जो गेला तो थोरला आणि जो राहिला तो धाकटा. वडीलकी मात्र अजून वयाच्या क्रमानेच दिली जाते आहे, आणि ती तुम्हीच त्याच्याकडे सरकवू शकता, कारण वडील तुमचेच ऐकतात.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा वडिलांनी विषय काढला की भावाच्या समोर म्हणा, “आण्णा, शेतातलं मला काही कळत नाही. तो म्हणेल ते करू.” आणि मग खरोखर गप्प बसा; त्याचा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी. सोसायटीत आणि बँकेत व्यवहार त्याच्या सहीने होतील अशी व्यवस्था करा. पैसे पाठवता ते त्याच्या खात्यावर पाठवा आणि हिशेब मागू नका. तुमच्याकडे ठेवण्यासारखे एक काम सुचवते : वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस रजा काढून घर तुम्ही सांभाळा आणि भावाला व त्याच्या बायकोला कोठेतरी जाऊ द्या. शेती आणि म्हातारी माणसे यांना सुट्टी नसते. घर सांभाळणाऱ्या धाकट्यांकडून मी सर्वांत जास्त वेळा हीच तक्रार ऐकते.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बहिणीचा उल्लेख तुमच्या पत्रात एकाच ओळीत येतो. थोरला म्हणून तुमचा वाटा जास्त, असे कायदा मानत नाही आणि लग्न झाले म्हणून तिचा वाटा संपला, असेही मानत नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ मध्येच दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. तेव्हा पुढे कधी घराच्या व्यवस्थेचे बोलणे निघाले तर तिला आधी बोलवा, आणि हक्कसोडपत्र पुढे करून ‘इथं सही कर’ असे रीत म्हणून सांगू नका.

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली, तेव्हापासून तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे, बोबडे बोलतो आणि बाळाला चिमटे काढतो. आम्ही त्याला ‘तू आता दादा झालास’ असे समजावतो, पण उपयोग होत नाही. (एक वडील)

उत्तर : ज्यांचा उल्लेख वर आला त्या ॲडलर यांनी अशा मुलाला गादीवरून उतरवलेल्या राजाची उपमा दिली आहे. ते स्वतः घरातले दुसरे अपत्य होते, तरी थोरल्याचे हे दुःख त्यांनी फार जवळून ओळखले होते. तुमच्या मुलाने बारशाच्या गर्दीत पाहिले असेल की जो येतो तो पाळण्याकडे जातो, आणि आपल्याला मात्र ‘दादा, आवाज करू नको, बाळ झोपलंय’ एवढेच सांगतो. बाळ ओले करते, तर सगळे धावतात. मग त्यानेही करून पाहिले, यात खोडसाळपणा नाही. बहुतेक मुलांत हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. लघवीला जळजळ, ताप, किंवा सारखी तहान आणि वारंवार लघवी असे काही आढळले तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

‘तू आता दादा झालास’ हे वाक्य काही दिवस घरात बंद ठेवा. आजी-आजोबांनाही सांगा. चिमटा काढला तर हात धरून ‘बाळाला दुखतं’ एवढेच म्हणा, आणि पाठोपाठ ‘एवढा मोठा असून?’ असे जोडू नका. लंगोट आणून देणे, पाळण्याची दोरी धरणे ही कामे त्याने मागितली तर द्या, मागितली नाहीत तर सांगू नका. रोज वीस मिनिटे बाळाला दुसऱ्या कोणाकडे देऊन आई त्याच्या एकट्याजवळ राहील, असे बघा. तुम्ही संध्याकाळी त्याला राजवाड्याकडे फिरायला न्या. वाटेत तो दमलो म्हणाला, तर चालता येत असूनही त्याला खांद्यावर घ्या.